बावीस यात्रेकरू आणि ताई

यात्रीनिवास, खोली नऊ
बुधवार, ३ मार्च

चि. भाऊस,

काल दिवेलागणीला पोचलो. बस तटाच्या आत जात नाही, म्हणून शेवटचा पल्ला पायी. सगळी वाट दगडी, आणि दगड इतके गुळगुळीत की हजार वर्षं कोणी रोज पुसत असावं. खालच्या कार्यालयातली बाई म्हणाली, इथून पत्र दोन दिवसांत तुमच्याकडे पोचतं. मग म्हटलं, फोनवर ओरडण्यापेक्षा लिहावं. इस्पितळाच्या धुलाईखात्यात एकतीस वर्षं काढल्यावर माझे कान अर्धेच उरलेत, तुला ठाऊकच आहे.

बसमध्ये मी एक आगाऊपणा केला. पाळकसाहेबांनी विचारलं, कोणाला साक्ष द्यायची आहे का. कोणी उठेना, सगळे तोंडात मूग धरून. मग मीच उठले. म्हटलं, मी चादरी धुणारी बाई, कपड्यांवरच्या वॉर्डाच्या चिठ्ठ्या वाचत वाचत अक्षरओळख झालेली. माझ्यासारखीला मंडळीने एवढ्या नावांतून निवडलं, ह्या पवित्र शहराच्या यात्रेला आणलं, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. माणसं इतकी हेलावली रे, की एकालाही माझ्याकडे बघवेना. सगळे खिडकीबाहेर बघत होते. भजनाचे पेटीवाले तर बुटाची नाडी सोडून परत बांधत बसले.

खोलीत माझ्याबरोबर मोठ्या बाई आहेत. आपल्या पाळकबाईंच्या आई, चौऱ्याऐंशीच्या, जुन्या मुख्याध्यापिका, चाकाच्या खुर्चीत. मला इस्पितळाची सवय म्हणून माझ्याकडे दिल्यात, एवढंच. पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या, "तू घोरतेस का?" म्हटलं, "मला कसं कळणार?" म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे. बस." सगळ्यांच्या गळ्यात निळी फीत आहे, माझी पांढरी. पाळकबाई म्हणाल्या, तुमची वेगळी. मला संकोच वाटला, पण मिरवतेय.

आज पहिल्या देवळात सात पायऱ्या उतरायच्या होत्या. खुर्ची जाईना. पाळकबाईंनी विचारलं, "ताई, आज जरा आईजवळ थांबता?" थांबले. उद्या दुसरं कोणी थांबेल.

मला खरी ओढ शनिवारची, तेरा तारखेची. तळघरातला तो धुण्याचा दगड, जिथे पहिल्या विश्वासू बायकांनी मेलेल्यांची वस्त्रं धुतली म्हणतात. तू दिलेल्या पुस्तिकेतलं ते पान मी वर्षभर उशाशी घेऊन झोपले. भाऊ, मीही जन्मभर तेच केलं. मेलेल्यांच्या चादरी धुतल्या, आणि लोक माझ्या हातचं पाणी घेताना कचरले. जगात एक तरी जागा अशी आहे जिथे ह्या कामापुढे माणसं डोकं टेकवतात. मला तिथे जाऊन उभं राहायचंय. बाकी काही बघितलं नाही तरी चालेल.

वहिनीला सांग, माझ्या खिडकीतल्या कुंड्यांना पाणी बेतानेच घाल.

तुझी ताई


घर
शनिवार, ६ मार्च

प्रिय ताई,

सप्रेम सलाम. पत्र मिळालं, वाचून आनंद झाला. कुंड्या ठीक आहेत. तुझ्या शेजारणीचं मांजर दोनदा कुंडीत झोपलं, पण वहिनीने त्याला समज दिली आहे.

तू बसमध्ये बोललीस ते वाचलं. ताई, अशा प्रवासात फार बोलू नये. लोक थकलेले असतात, उगाच कोणाचा गैरसमज व्हायचा. मोठ्या बाईंजवळ थांबणं हीही सेवाच आहे. त्यांची मर्जी सांभाळ. पाळकबाईंशी तर मुळीच वाद घालू नकोस. तुझ्या कानावर घालतो: मंडळीचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळात माझं नाव सुचवलंय. एकवीस तारखेला, तुम्ही आल्यावर जी आभारसभा आहे, तिथेच जाहीर होईल. एवढी वर्षं चिटणीस म्हणून कागद काळे केले, त्याचं चीज होईल. तेव्हा एवढे दिवस जरा जपून.

गुडघ्याला तेल लाव.

तुझा भाऊ


यात्रीनिवास
मंगळवार, ९ मार्च

चि. भाऊस,

तुझं वडीलपण वाचून बरं वाटलं, पण माझं डोकं तापलेलं आहे, तेव्हा अभिनंदन पुढच्या पत्रात.

सात दिवसांत सहा ठिकाणं झाली. मी सहा दरवाजे पाहिले. बाहेरून. एकावर लोखंडी खिळे आहेत, एकाला कडी नाही, एकाच्या उंबऱ्याला उंदराचं बीळ आहे. विचार मला, सगळं सांगते. आत काय आहे ते इतरांना विचार. रोज सकाळी पाळकबाई त्याच गोड आवाजात म्हणतात, "ताई, आज जरा." हा 'जरा' संपतच नाही. गाईड सगळ्यांच्या कानाला इअरफोन वाटतो, म्हणजे तो पुढे हळू बोलला तरी मागच्याला ऐकू येतं. मी हात पुढे केला तर मोजून म्हणतो, "बावीसच आणलेत." मंडळी आत गेली की मी आणि मोठ्या बाई भिंतीकडे बघत बसतो.

खुर्ची ढकलायची मला लाज नाही. ओल्या चादरींच्या गाड्या ढकलण्यात माझी हाडं झिजली, त्यापुढे मोठ्या बाई म्हणजे कापूस. पण ही वाट. चाक दगडांच्या फटीत बसतं, मी रेटते, तळहाताला फोड आलेत. बावीस जणांत आठ धट्टेकट्टे बाप्ये आहेत. चौघांनी चार पाय धरले असते तर बाईही आत गेल्या असत्या आणि मीही. एकाला सुचू नये? फोटो काढताना मात्र सगळे खुर्चीभोवती जमतात, बाईंच्या खांद्यावर हात ठेवतात. काल बाईंनी एकाला विचारलं, "तुमचा हात जड आहे, की तुम्हीच?"

परवा मी पेटीवाल्यांना म्हटलं, आज तुम्ही थांबता का बाहेर, मी पटकन आत जाऊन येते. ते असे चपापले, जणू मी त्यांची पेटीच मागितली. म्हणाले, "तसं कसं चालेल ताई, तुमचं वेगळं आहे." वेगळं म्हणजे काय ते सांगेनात.

आता तू चिटणीस आहेस. पाळकसाहेबांना दोन ओळी लिही: शनिवारी ताईला दगडापर्यंत जाऊ द्यावं, त्या वेळी दुसऱ्या कोणी बसावं. फक्त एक तास. आजवर तुझ्याकडे मी काही मागितलेलं नाही, हे तुला मान्य व्हावं.

ताई


घर
गुरुवार, ११ मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र आत्ताच आलं, लगेच उत्तर टाकतोय. तुझा त्रास समजतो. पाळकसाहेबांना लिहिलं असतं, पण प्रवासात त्यांना पत्र पाठवणं बरं दिसणार नाही. त्यांच्या डोक्याला आधीच खूप ताप. शिवाय मी चौकशी केली, त्या तळघरात अडतीस पायऱ्या आहेत आणि ओल असते. तुझे गुडघे बघता, ताई, वरूनच नमस्कार केलेला बरा. श्रद्धा महत्त्वाची, दगड काय.

पेटीवाल्यांचं फार मनावर घेऊ नकोस. आल्यावर सगळं नीट बोलू.

मांजर पुन्हा आलं होतं.

तुझा भाऊ


यात्रीनिवास
शनिवार, १३ मार्च, दुपार

मा. चिटणीस, मंडळी कार्यालय, यांस,

आपलं अकरा तारखेचं पत्र आज सकाळी निघताना मिळालं. वाटेत वाचलं. श्रद्धा महत्त्वाची हे आपण म्हणता तर असेलच.

तळघराच्या तोंडाशी एक पहारेकरी बसतो. त्याच्यापुढे प्रत्येक गटाचा कागद असतो. आमचे लोक एकेक करून फीत दाखवून रांगेत लागले. मी खुर्ची घेऊन पाळकबाईंकडे गेले आणि म्हटलं, "आज मी आत जाणार. आईजवळ तुम्ही बसा, नाहीतर कोणाला तरी बसवा." त्या हसल्या. म्हणाल्या, "ताई, तुमचं तिकीट नाहीये हो." मी म्हटलं, "कसं नाही? मला मंडळीने निवडलंय." तर त्या इकडेतिकडे बघायला लागल्या. शेवटी पहारेकरीच म्हणाला, "बाई, कागदावर यात्रेकरू बावीस आहेत. तुम्ही मदतनीस. मदतनीस बाहेर थांबतात." आणि कागद माझ्यापुढे धरला.

मंडळीचा शिक्का होता. खाली आपली सही होती. "यात्रेकरू २२, मदतनीस १." ते अक्षर मी ओळखणार नाही? कपड्यांवरच्या चिठ्ठ्यांवरून मी आधी स्वतः शिकले, मग तुझा हात धरून तुला गिरवायला शिकवलं. इतकी वर्षं मी त्या अक्षराचं कौतुक केलं.

मी विचारलं, "हे सगळ्यांना माहीत होतं?" एकानेही मान वर केली नाही. आणि मग मला बस आठवली. मी उभी राहून मंडळीने मला निवडलं म्हणून आभार मानत होते. बावीस माणसांना ठाऊक होतं की ही बाई खुर्ची ढकलायला आणली आहे. कोणी म्हणालं नाही, ताई, खाली बसा. मला वाटलं हेलावलेत. ते लाजेने खिडकीबाहेर बघत होते, आणि मी मूर्खासारखी बोलतच राहिले. भाऊ, मेले असते तरी इतकं वाटलं नसतं.

तेवढ्यात मोठ्या बाई खुर्चीतून म्हणाल्या, "इकडे ये. मलाही वाटलं होतं तुला माहीत आहे. नाहीतर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं." त्यांनी गळ्यातली निळी फीत काढली आणि माझ्या गळ्यात घातली. पहारेकऱ्याला म्हणाल्या, "मी आत जात नाही. ही जाते. मोज, बावीस होतात का." त्याने मोजले. झाले.

पाळकसाहेब पहिल्या पायरीशी शास्त्रपाठ वाचत होते. मी खुर्ची त्यांच्यापाशी नेली, ब्रेक लावला आणि बाईंची पिशवी त्यांच्या हातावर, उघड्या पुस्तकावरच ठेवली. म्हटलं, "साडेअकराला गोळी, अर्ध्या बिस्किटाबरोबर. बाथरूमला जायचं असलं की त्या सांगत नाहीत, खोकतात. डावा ब्रेक सैल आहे, चाकाला पाय लावून उभे राहा." पाळकबाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही कुठे चाललात?" मी म्हटलं, "यात्रेला."

अडतीस पायऱ्या उतरले. गुडघे बोंबलत होते, बोंबलू दिले.

दगड पाहिला. सांगते ऐक. गुडघ्याएवढं उंच दगडी टाकं आहे ते, दीड वीत खोल. पाणी बाहेर जायला भोक नाही, पन्हळ नाही, कपडा आपटायला सपाट जागा नाही. घाण पाणी काय ओंजळीने काढायचं? काठ एकाच बाजूने खोल झिजलेला. गाईड म्हणाला, धुणाऱ्या बायकांच्या मनगटांनी झिजला. माझी मनगटं बघ म्हणावं, मनगटं झिजतात, दगड नाही. ते जनावरांना पाणी पाजायचं टाकं आहे. माना टेकून टेकून काठ झिजलाय. जगातली कुठलीही धुणारी बाई ते एका नजरेत सांगेल. पण एवढ्या वर्षांत धुणाऱ्या बाईला विचारलंय कोणी? तिला खालीच सोडत नाहीत.

आमची मंडळी एकामागून एक त्याला ओठ लावत होती. मी काठावर हात ठेवला. गार होता. माझी पाळी झाली आणि मी वर आले. मोठ्या बाईंनी विचारलं, "काय होतं?" म्हटलं, "गुरांचं टाकं." त्या इतक्या हसल्या की पाळकसाहेबांना वाटलं त्यांना खोकला आला, आणि ते बाथरूम शोधायला धावले.

मी हसले नाही. माझ्या मनात टाकं नव्हतंच. तुझं अक्षर होतं.

मदतनीस


घर
सोमवार, १५ मार्च

ताई,

हे पत्र तुझ्या घरी टाकतोय. परवा आलीस की मिळेल.

मी खोटं बोललो. खरं सांगतो. मंडळीत एक जागा जुन्या सेवकासाठी ठेवली होती. तीन नावं होती, तुझंही होतं. पेटीवाल्यांचं लागलं. त्या वेळी तू साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतंस की तू जाणार. सगळे उठायला लागले तेव्हा पाळकबाई म्हणाल्या, आईला ढकलायला कोणी हवंय. माझ्या तोंडून निघून गेलं, माझी ताई येईल, तिला सवय आहे. सगळ्यांना ते पटलं. पाळकबाई किती खूश झाल्या. घरी येईपर्यंत ठरवलं होतं की तुला खरं सांगायचं. दारात तू विचारलंस, "निवडलं का रे?" तुझा चेहरा बघून मी हो म्हणालो. एकदा हो म्हटल्यावर मागे येता येईना. तू गेलीस तरी, एवढंच बघितलं मी.

एक विनंती आहे. एकवीसच्या सभेत तुलाही बोलायला उभं करतील. त्या दिवशी हा विषय काढू नकोस. नंतर मला काय शिक्षा द्यायची ती दे.

भाऊ


माझं घर
गुरुवार, १८ मार्च

भाऊ,

तू दोन गल्ल्या पलीकडे राहतोस, आणि ह्या पत्राला पोस्टाच्या मोठ्या कार्यालयातून फिरून तुझ्या दारी यायला एक दिवस लागणार आहे. तरी पोस्टात टाकतेय. काल संध्याकाळी तू येऊन दार वाजवलंस ते मला ऐकू आलं. माझे कान तेवढे गेलेले नाहीत.

माझा चेहरा बघून तू हो म्हणालास. माझा चेहरा पडू नये म्हणून मला सगळ्या गावासमोर पाडलंस. मला विचारलं असतंस, ताई, नाव लागलं नाही, पण खुर्ची ढकलत गेलीस तर शहर दिसेल, जातेस का? मी रात्रभर रडले असते आणि सकाळी पिशवी भरली असती. तेव्हा मी कशाला बसमध्ये उभी राहते? गुमान खुर्ची ढकलली असती, आणि दगडापाशी एक तास हवा असं पाळकबाईंना तोंडावर सांगून ठेवलं असतं. मदतनीस म्हणून मान ताठ ठेवून गेले असते. तू मला खोटी यात्रेकरू केलीस, त्यापेक्षा खरी मदतनीस बरी होती.

आणि मी पत्रातून विचारत होते, एकेका दाराबाहेर बसून रडत होते, तेव्हा तू काय लिहिलंस? गुडघ्याला तेल लाव. मांजर आलं होतं. भाऊ, त्या मांजराचा मला तुझ्याइतकाच राग आलाय, आणि त्या बिचाऱ्याने काही केलेलं नाही.

सभेला मी येणार नाही. बोलणार तर नाहीच. बसमध्ये मी जे बोलले ते खोटं ठरलं, पण ते खोटं माझं नव्हतं. ज्याचं होतं त्याने ते उभं राहून परत घ्यावं. यात्रेचा अहवाल चिटणीसच वाचतो ना? मग त्यात काय वाचायचं ते तू ठरव. मी सांगणार नाही, आठवण करणार नाही, नंतर विचारणारही नाही. वडीलपण घेऊन गप्प बसलास तर तसं बस. पण मग दार वाजवत जाऊ नकोस.

ताई


घर
सोमवार, २२ मार्च

ताई,

काल सभा झाली. तू सांगितलंस तसं मी कोणाला विचारून ठरवलं नाही, वहिनीलाही नाही.

अहवालाची पहिली ओळच ती होती, यात्रेकरू बावीस, मदतनीस एक. ती वाचली आणि थांबलो. म्हणालो, मदतनीस माझी बहीण आहे. तिला मी सांगितलं होतं की मंडळीने तिला निवडलं. ते खोटं होतं. तिने बसमध्ये तुमचे आभार मानले, आणि तुमच्यातल्या एकानेही तिला खाली बसवलं नाही. माझं खोटं होतं हे खरं, पण ते तुम्ही सगळ्यांनी मिळून सांभाळलंत. पुढचं न वाचता कागद घडी करून टेबलावर ठेवला.

पाळकसाहेब म्हणाले, ही वेळ नव्हे. पेटीवाले उठले. म्हणाले, "मी ताईंच्या शेजारच्या बाकावर होतो. तेव्हा बोलायची मला वेळ होती." आणि बसले. त्यानंतर भजन होतं, पण त्यांनी पेटी उघडली नाही. लोकांनी तसंच म्हटलं, एकाचा सूर दुसऱ्याला लागेना. माझं नाव जाहीर झालं नाही. विचार करू म्हणालेत. विचार म्हणजे काय ते मला कळतं, मीच ते शब्द कितीदा लिहिलेत.

घरी आल्यावर वहिनीने चहा पुढे ठेवला. म्हणाली, लग्नाला सव्वीस वर्षं झाली, आज पहिल्यांदा सरळ बोललात.

मी दार वाजवत नाहीये. तू सांगशील तेव्हा येईन.

भाऊ


माझं घर
बुधवार, २४ मार्च

चि. भाऊस,

सभेचं तुझ्या पत्राआधीच कळलं होतं. पेटीवाले येऊन गेले. दारातच उभे राहिले, आत या म्हटलं तरी येईनात. म्हणाले, "ताई, चुकलं." मी म्हटलं, "हो, चुकलं." मग ते गेले.

राग गेलेला नाही. बसमधलं आठवलं की अजून कानशिलं तापतात, आणि ती बरीच वर्षं तापणार आहेत. तू खरं बोललास म्हणून मी लगेच विरघळेन असं समजू नकोस.

पण रविवारी माझं एक काम आहे. मोठ्या बाईंचं पत्र आलंय. त्या दुसऱ्या मजल्यावर राहतात, लिफ्ट नाही, आणि यात्रेहून आल्यापासून खाली उतरलेल्या नाहीत. लेक आणि जावई म्हणतात, आता कशाला. बाईंना त्यांची जुनी शाळा बघायची आहे. तिथे आता फरशांचं दुकान झालंय, आणि दुकानदार त्यांचाच विद्यार्थी. म्हणतात, त्याचं गणित कच्चं राहिलं होतं, बघते हिशेब कसे करतो ते. मी येते म्हणून कळवलं.

खुर्ची माणसासकट दोन जिने उतरवायची म्हणजे दोघं लागतात. सकाळी नऊला त्यांच्या दारात ये. वरची बाजू मी धरीन, खालची तू. उतरताना सगळा भार खालच्यावर येतो, पाठ भरून येते, आणि मध्येच खाली ठेवता येत नाही. हे आधीच लिहून कळवतेय. वाचून विचार कर, आणि नाही म्हणायचं असेल तर शनिवारपर्यंत नाही म्हण.

ताई